दिव्याच्या अवसेला वादी रममध्ये: उल्का बघायला निघण्याआधी

ययाती (पर्सियस) या तारकासमूहातून येतोसा दिसणारा उल्कावर्षाव दरवर्षी १२-१३ ऑगस्टच्या सुमारास भरात येतो, आणि दरवर्षी आपल्या डोक्यावर ढग असतात. सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्याला ऑगस्टची निरभ्र रात्र मिळणं नशिबाचाच भाग. म्हणून या खेपेला जॉर्डनचं वादी रम वाळवंट. तिथे ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. शिवाय २०२६ साली १२ ऑगस्टला अमावास्या आहे, आपली दिव्याची अवस. त्याच दिवशी स्पेन आणि आइसलँडमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, म्हणजे चंद्र सूर्याला लागूनच असेल आणि रात्रभर आकाश मोकळं. असा योग दवडू नये.

मुख्य रात्र १२ ची, म्हणजे १३ ची पहाट. तरी मुक्काम ११, १२ आणि १३ अशा तीन रात्रींचा ठरवा. वारा सुटला तर धुळीने एखादी रात्र हातची जाते. तीन रात्रींचा आणखी एक फायदा आहे: निघण्याआधी ‘जॉर्डन पास’ काढला आणि देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचं शुल्क माफ होतं, पेट्रा हे प्राचीन शहर आणि वादी रम यांचा प्रवेशही त्यातच येतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटं काढण्याआधी ते एकदा ताजे बघून घ्या. अकाबा बंदराहून गाडीने तासाभरात पोहोचता येतं, राजधानी अम्मानहून मात्र चार तास धरा.

आता कॅम्प. इथे घाई करू नका, सगळी सहल यावर उभी आहे. वादी रममधले बरेच कॅम्प उंच खडकांच्या पायथ्याशी असतात. दिवसा सावली मिळते म्हणून ते बरोबरच आहे, पण रात्री तोच कडा अर्धं आकाश खातो. काही ठिकाणी तर शोभेसाठी कड्यांवर दिवे सोडलेले असतात. बुकिंगच्या आधी लिहून विचारा: दिवे किती वाजता बंद होतात? जनरेटर रात्रभर चालतो का? शेजारचा कॅम्प किती लांब आहे? ईशान्येला क्षितिज मोकळं आहे का? शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी ‘एम’ आणि तिच्याखाली ययाती तिकडूनच वर येणार आहेत. सगळ्यात चांगलं म्हणजे, यजमान जीपने मोकळ्या वाळूत नेऊन गाद्या टाकून देतील का ते विचारा. बदू मंडळी, म्हणजे वाळवंटातले अरब, उघड्यावर झोपण्यात मुरलेली असतात, आपण फक्त आधी सांगायला हवं.

डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाचा एकच झोत सगळं पुसून टाकतो. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या रबरबँडने बसवा. पॉवर बँकेच्या निळ्या ठिपक्यावर काळी पट्टी चिकटवा, कॅमेऱ्याचा फोकस दिवा बंद करा आणि पडद्याचा उजेड अगदी कमीत कमी करा. लहान मुलांचे चमकणारे बूट घरी ठेवा. हे सगळं घरच्या गच्चीवर एकदा करून बघा.

दुर्बीण लागत नाही. उल्का सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ती संपलेली असते. ड्रोनही नेऊ नका, परवानगीशिवाय तिथे चालत नाही. फोटो काढायचे असतील तर रुंद लेन्स, भक्कम तिपाई, दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि वाळू उडवायला हातपंप पुरे. लेन्स वाळूत बदलू नका. खरं सांगायचं तर पहिल्या रात्री कॅमेरा काढूच नये असं मला वाटतं.

दिवसा पारा पस्तिशीच्या वर असतो, मध्यरात्रीनंतर मात्र निश्चल पडून राहिल्यावर गारवा जाणवतो. पातळ स्वेटर, पायमोजे, चादर, आणि तोंडावर ओढायला सुती उपरणं किंवा पंचा घ्या. डोळ्यांचे थेंब आणि ओआरएसची पाकिटं विसरू नका. बूट उघड्यावर ठेवलेत तर पाय घालण्याआधी झटका, विंचू असू शकतो. शाकाहारी असाल तर कॅम्पला आधी कळवा: वाळूत पुरून शिजवलेल्या ‘झर्ब’मध्ये मांस असतं, भाज्या वेगळ्या ठेवायला सांगता येतं. हुम्मुस, फलाफल आणि रोटी मिळतेच. पहाटे तीनच्या भुकेसाठी खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

दुपारी झोप काढा आणि नऊ वाजता पाठीवर आडवे व्हा. त्या वेळी ययाती क्षितिजाला टेकलेला असतो, उल्का थोड्या दिसतात, पण दिसतात त्या अर्धं आकाश कापत जातात. बारानंतर संख्या वाढते, चांगल्या अंधारात तासाला पन्नास-साठ. थेट ययातीकडे बघू नका, तिथल्या रेघा आखूड असतात. थोडं बाजूला, डोक्यावरच्या काळोखात नजर सैल सोडा. मुलांना आधीच सांगून ठेवा की ही स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ आहे. तो १९९२ साली सूर्याजवळून गेला, आता २१२६ मध्ये येईल.

गटातल्या एकाने मोजणी करावी. वही नको, आवाज टिपणारं छोटं यंत्र हातात धरून उल्का दिसली की फक्त ‘एक’ म्हणायचं, आणि दर पंधरा मिनिटांनी वेळ बोलायची. अशा नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना स्वीकारते.

साडेचारनंतर पूर्व उजळू लागते. तेव्हा घरी सात वाजून गेलेले असतील, श्रावणाचा पहिला दिवस. आईला फोन तेव्हा करा. त्याआधी फोन खिशातून काढू नका.