आधी खण उपसा, मग भाव बोला: जुन्या फर्निचरच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, घंटाळी भागातल्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जायला लागल्या तशी सागवानी कपाटं, शिसवी आरामखुर्च्या, पितळी कड्यांचे झोपाळे घराबाहेर पडू लागले. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही, भाड्याच्या घरात तर नाहीच. भंगारवाला अशा वस्तू जळाऊ लाकडाच्या भावाने उचलतो. दहा वर्षांपूर्वी हे बघवेना, म्हणून मी या कामात पडले. लाकूड ओळखायला मला चरईतल्या एका सुतारकाकांनी शिकवलं. त्यांचं पहिलं सांगणं होतं, ‘दर्शनी बाजू शेवटी बघ.’

नव्याने येणाऱ्यांना मीही तेच सांगते. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, उजेडात धरा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तिथे डव्हटेलचे, म्हणजे टोकाकडे पसरत जाऊन एकमेकांत अडकणारे दात दिसतील. हाताने कापलेले दात तंतोतंत एकसारखे नसतात, एखादा अरुंद तर एखादा तिरपा असतो, आणि फळीवर सुताराने आखणीच्या टोकाने ओढलेली बारीक रेघ अजून दिसते. यंत्राचे दात सगळे सारखे. मग बाजूच्या फळीची खालची कड बघा. खण वर्षानुवर्षं ओढला-ढकलला गेला असेल तर ती कड मागच्या बाजूला झिजलेली असते, आणि खण ज्या पट्टीवर सरकतो त्या पट्टीवरही तशीच खोबण पडलेली असते. या दोन्ही झिजा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल, तर दोन्हींपैकी एक नंतर बसवलेलं आहे. तळाला प्लाय निघाला आणि विकणारा ‘शंभर वर्षांचं’ म्हणत असेल, तर तो तळ कधी बदलला ते विचारा.

रंगही बोलतो. हवा लागलेल्या भागावर लाकूड गडद होतं, झाकलेल्या भागावर उजळ राहतं. खणाचा आतला तळ, मागची फळी आणि पायाच्या आतली बाजू अशी सगळीकडे एकसारखी काळपट दिसली, तर रंग चोपडून जुनेपणा आणलेला असू शकतो. स्क्रूही बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आले. ते दिसले म्हणून वस्तू नकली ठरत नाही, पण वस्तू त्याआधीची असेल तर तिथे नंतर कोणाचा तरी हात लागलाय हे नक्की.

माझी सगळ्यात मोठी फसगत एका दुमजली कपाटात झाली. वर काचेची दारं, खाली चार खण. विकणाऱ्या व्यापाऱ्याने ते ब्रिटिश काळातलं, एकसंध म्हणून दिलं. मीही वरच्या नक्षीवर भाळले. घरी आणून वरचा भाग उचलला, तर खालच्या भागाचा माथा गुळगुळीत पॉलिश केलेला! कायम झाकली जाणारी जागा सुतार कशाला इतकी घोटेल? खालचं होतं स्वतंत्र ड्रॉवरचं कपाट, वरचं दुसऱ्याच कोणत्या तरी कपाटाचं. मागच्या फळ्यांची जाडीही वेगळी होती. दोन्ही लाकडं खरी, दोन्ही जुनी, पण जोडी जमवलेली. अशा जोडीला मूळ एकसंध वस्तूचा भाव मिळत नाही. मी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं आणि घातलेल्या पैशांतला मोठा भाग सोडून दिला. तेव्हापासून वरचा भाग उचलून दाखवत नाहीत तिथे मी बयाणा देत नाही.

गोल टेबल असेल तर मोजपट्टी घ्या. लाकूड त्याच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. म्हणून जुन्या भरीव फळ्यांच्या गोल टेबलाचा व्यास रेषांना आडवा मोजला की काही मिलिमीटर कमी भरतो. दोन्ही मापं अगदी सारखी आली तर फळ्या जुन्या आहेत का, याची शंका घ्या.

पॉलिशसाठी कापसाचा बोळा आणि स्पिरिट पुरतं. लपलेल्या कोपऱ्यावर हलकेच टेकवा. चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश मऊ होऊन चिकट लागतं, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही नवी पॉलिशं जागची हलत नाहीत. मात्र जुन्या वस्तूला नवं पॉलिश आणि नव्या वस्तूला लाखेचं पॉलिश, दोन्ही होतं, म्हणून यावरून वय ठरवू नका. आणि कृपा करून सगळं घासून काढू नका. हातांनी, तेलाने, वापराने आलेली झळाळी एकदा पॉलिश पेपरखाली गेली की परत येत नाही.

इराण्याच्या हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांना सध्या फार मागणी आहे. या घडणीची मूळ खुर्ची १८५९ साली व्हिएन्नात थोनेट कंपनीने काढली: बीच नावाच्या युरोपीय झाडाचं लाकूड वाफवून वाकवायचं, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावायच्या, म्हणून त्या जगभर पोचल्या. ओळखायचं असेल तर वळणावर रेषा बघा. वाकवलेल्या दांडीत त्या वळणाबरोबर वळतात, कापून जोडलेल्या नकलेत मध्येच तुटतात. बैठकीखाली चिकटवलेला कागद किंवा ठसा शोधा. त्यावर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर खुर्ची १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा नव्हता.

किडीसाठी खाली काळा कागद पसरून एक रात्र ठेवा. सकाळी फिकट ताजी पिठी पडलेली दिसली तर कीड जिवंत आहे. सागाचा गाभा सहसा टिकतो, बाहेरचा पांढरट भाग आधी जातो.

आता भाव. दुकानात लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. मुंबईत ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात फिरा, पण वहीत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचेच आकडे टिपा. मग उलटा हिशेब करा. माझ्याकडच्या चार खणी सागवानी कपाटाचा: गिऱ्हाईक २८,००० देईल असा अंदाज. पॉलिश ६,०००, एका खणाचा तळ आणि बिजागऱ्या १,५००, टेम्पो व हमाली २,५००, ठेवायची जागा आणि गिऱ्हाइकाने भावात केलेली घासाघीस २,०००. उरले १६,०००. त्यातले माझे ५,०००, आणि मालकाला ११,०००. आधी खरेदी करून मग खर्च मोजला की नुकसान ठरलेलंच. घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं गिऱ्हाईक असेल तर लिफ्टचं माप आधी मागा. सात फुटी कपाट चौदाव्या मजल्यावर जिन्याने चढवायची हमाली तुमच्या नफ्यातूनच जाते.

शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या अँटिक्विटीज कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला होकार देण्याआधी जाणकाराला विचारा. शिसवीच्या निर्यातीचे नियम त्याहून वेगळे आहेत.

गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या एका आजींकडे गेले होते. लांब हातांची आरामखुर्ची, वेत फाटलेला. भंगारवाल्याने ८०० सांगितले होते. मी खुर्ची आडवी केली. एका माणसाला धड उचलेना इतकी जड, पूर्ण शिसवी, आणि बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला सांध्यासांध्यावर पटाशीने मारलेल्या खुणा: एक रेघ, दोन रेघा, तीन. कुठला तुकडा कुठे बसवायचा याची सुताराची आठवण. आजींचं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं. वेत विणून घ्यायला किती येईल आणि तशीच विकली तर मी किती देईन, दोन्ही आकडे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘वेतवाल्याचा नंबर दे. आणि नव्या घराचं दार किती रुंद आहे, ते बिल्डरला विचारून सांगशील का?’