कोड बरोबर, तरी लॉगिन होईना

इंदूरच्या आमच्या ऑफिसात कंपनीच्या पोर्टलवर लॉगिन अडलं की लोक आधी पासवर्ड बदलायला धावतात. हिशेब विभागातल्या काकांनीही तेच केलं. पासवर्ड चालायचा, पण फोनमधल्या ॲपचा सहा अंकी कोड दर वेळी 'अवैध'.

हा कोड एसएमएससारखा कुठून येत नाही. फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. ती आणि चालू वेळ यांवरून दोघं आपापल्या जागी कोड काढतात, साधारण दर ३० सेकंदांनी नवा. म्हणून नेटवर्क नसलं तरी ॲप चालतं, पण घड्याळ चुकलं की कोड जुळत नाही. थोडाफार फरक सर्व्हर खपवून घेतो. काकांचा फोन चक्क पाच मिनिटं पुढे! "सुदामानगरची बस चुकू नये म्हणून मीच लावलंय," म्हणाले. सेटिंग्जमध्ये वेळ 'आपोआप' केली, पुढचाच कोड चालला. बससाठी मनगटी घड्याळ पुढे करा म्हटलं.

गोदामातल्या जुन्या डेस्कटॉपवर वेगळीच तऱ्हा: सुरक्षित साइट उघडली की प्रमाणपत्राचा इशारा. प्रमाणपत्र म्हणजे साइटच्या ओळखीचा डिजिटल दाखला; त्याला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या तारखेशी ताडून बघतो. इथे मशीन बंद केलं की तारीख काही वर्षं मागे. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली, इशारा गेला. तिथल्या मुलांना 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लागलीय, ती मात्र अजून सुटत नाहीये.