इंदूरच्या काळ्या मातीत फुलदाणीसाठी डेलिया

फुलदाणीसाठी डेलिया लावायचा असेल, तर ताटाएवढ्या फुलांच्या जाती प्रदर्शनासाठी राहू द्या. ते वजन देठाला पेलत नाही, फूल लवकर मान टाकतं. पॉमपॉन किंवा बॉल (लहान, चेंडूसारख्या गोल फुलांच्या) प्रकारातले कंद घ्या.

घेताना कंदाची मान, म्हणजे त्याला जुन्या खोडाशी जोडणारा बारीक भाग, तपासा. बटाट्याला कुठेही डोळा असतो, डेलियाला मात्र तो जुन्या खोडाला लागून, मानेपाशीच असतो. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असला तरी उगवत नाही.

गणपती उठले की लोक लावायची घाई करतात. थांबा. पाऊस पुरता गेला की दसऱ्याच्या सुमारास लावा.

आता खरी अडचण. आपल्याकडे सगळ्यात जास्त कंद मरतात ते लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि मरतात ते पाण्याने. ‘रोज झारीभर पाणी घाला’ हा सल्ला माळव्याच्या काळ्या मातीत कंद कुजवायचा खात्रीचा उपाय आहे. नव्या कंदाला ना मुळं असतात ना पानं, तो पाणी पिणार कशाने? काळी माती भिजली की फुगते, आतली हवा कोंडते. वरून भेगा दिसतात, खाली चिखल तसाच असतो.

म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. निम्मी माती, बाकी जाडी वाळू आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. कुंडी घेतलीत तरी हेच मिश्रण. आधार देणारी काठी आधी रोवा, नंतर रोवली तर कंदात घुसते. कंद आडवा, डोळा वर, चार बोटं खोल. माती किंचित ओलसर असली की पुरे. कोंब वर दिसेपर्यंत पाणी बंद! मन राहवत नसेल तर बोट दोन पेरं आत घालून बघा. गार ओल लागली तर झारी जागेवर ठेवा. कोंब आला, पानं फुटली, की मग भरपूर पाणी द्या, पण रोज थोडं थोडं नको.

पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. युरिया टाळा, त्याने पाला माजतो आणि देठ लेचेपेचे होतात. मधली कळी ठेवून शेजारच्या दोन काढा.

डेलियाची कळी पाण्यात उमलत नाही, म्हणून फूल पाऊण उमललेलं असताना, भल्या पहाटे कापा. देठ लांब घ्या, खाली पानांची एक-दोन जोडी राहील इतका. देठाचं टोक चटका बसेल अशा गरम पाण्यात बुडवून पाणी निवेपर्यंत ठेवा, मगच फुलदाणीत लावा. पाणी रोज बदला. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरेच्या नादी लागू नका.

मार्चनंतर पाला पिवळा पडला की कंद मानेसकट काढून सावलीत सुकवा आणि कोरड्या वाळूत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.