शिफ्टर आणि ओमेगाव्हर्स: पुरुष-पुरुष प्रेमाची कादंबरी निवडावी कशी, पारखावी कशी

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या पुस्तकं वाचायच्या ॲपवर, बहुतेक पुस्तकांचा साधारण पहिला दहावा हिस्सा नमुना म्हणून फुकट वाचता येतो. तीनशे पानांच्या कादंबरीची ती तीस पानं होतात. खानापूरहून बेळगावच्या बसमध्ये बसलात तर बसस्थानक येईपर्यंत ती वाचून होतात. पुस्तक घ्यावं की सोडावं याचा निर्णय बहुतेक वेळा त्या तीस पानांतच लागतो. त्यात काय शोधायचं ते मात्र आधी ठाऊक हवं.

शिफ्टर म्हणजे आपला इच्छाधारी. इच्छाधारी नाग आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इथे नागाच्या जागी लांडगा, अस्वल किंवा बिबट्या असतो. ओमेगाव्हर्सची गोष्ट वेगळी. त्या जगात स्त्री-पुरुष या भेदावर आणखी एक भेद चढवलेला असतो: वरचढ मानला जाणारा अल्फा, साधा बीटा आणि ओमेगा. पुरुष ओमेगाला दिवस जाऊ शकतात. त्याला ठरावीक काळाने हीट येते, म्हणजे गोठ्यातली म्हैस माजावर येते म्हणतात तसा माज. अल्फाच्या तशाच अवस्थेला रट म्हणतात. हीट दाबून ठेवणारी गोळी म्हणजे सप्रेसंट, आणि जोडी कायमची बांधणारा मानेवरचा चावा म्हणजे बाँड. हे दोन प्रकार अनेकदा एकत्र येतात, पण नेहमी नाही. कित्येक ओमेगाव्हर्स कादंबऱ्यांत एकही जनावर नसतं, सगळं ऑफिसात आणि दवाखान्यात घडतं. कित्येक शिफ्टर कादंबऱ्यांत ओमेगा हा शब्दही येत नाही. तुम्हाला यातलं कोणतं हवं ते आधी ठरवा, नाहीतर चांगल्या पुस्तकावरही उगीच नाराज व्हाल.

इंग्रजी जड जात असेल तर ऑफिसात घडणाऱ्या ओमेगाव्हर्सपासून सुरुवात करा, कारण तिथे बनवलेले शब्द कमी असतात. शब्दावर बोट दाबून धरलं की किंडल अर्थ दाखवतं, पण या पुस्तकांतल्या खास शब्दांना तो अर्थ लागू पडत नाही. प्रेझेंटचा अर्थ तिथे भेटवस्तू मिळेल. इथे प्रेझेंट होणं म्हणजे वयात येताना आपण अल्फा की ओमेगा हे शरीरातून उघड होणं. नॉटचा अर्थ गाठ मिळेल; इथे तो अल्फाच्या शरीराचा, कुत्र्या-लांडग्यांच्या मिलनावरून घेतलेला भाग आहे. असे आठ-दहा शब्द वहीत लिहून ठेवलेत की पुढच्या पन्नास पुस्तकांना पुरतील.

हे सगळं एका लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. २०१० च्या सुमारास इंटरनेटवरच्या इंग्रजी फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे आवडत्या गोष्टींतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये, अनेकांनी मिळून ही कल्पना वाढवली, आणि पुढे जपानी बीएल मांगानेही, म्हणजे पुरुष-पुरुष प्रेमाच्या चित्रकथांनीही, ती उचलली. या कल्पनांच्या मालकीवरून २०१८ मध्ये अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं, तेही स्त्री-पुरुष जोडीच्या पुस्तकांवरून. म्हणून हीट, चावा, वासावरून ओळख या गोष्टी दिसल्या की लगेच चोरीचा शिक्का मारू नका. ओवीचा साचा सगळ्यांचा असतो, आत काय भरलं ते ज्याचं त्याचं.

आता मुख्य काम. वहीचं एक पान घ्या आणि नमुना वाचताना त्या जगाचे नियम त्यावर टिपत जा. हीट किती दिवसांनी येते, किती दिवस टिकते? सप्रेसंट कोणाला मिळतात, त्यांची किंमत काय, सतत घेतल्या तर काय होतं? बाँड तुटतो का, आणि तुटला तर कोणाचं काय जातं? ओमेगाला नोकरी, घर, मालमत्ता स्वतःच्या नावावर करता येते का? त्याच्या वतीने सही कोण करतं? सगळी उत्तरं तीस पानांत मिळणार नाहीत. निदान दोन-तीन मिळायला हवीत, तीही भाषणातून न मिळता कोणाच्या तरी अडचणीतून मिळायला हवीत. ओमेगा बँकेत जातो आणि खिडकीमागचा माणूस त्याच्या अल्फाची सही मागतो, एवढ्या एका प्रसंगात अख्खा कायदा कळतो. पहिल्याच प्रकरणात चार पानं इतिहास सांगणाऱ्या लेखकाला आपल्या जगाचा अजून अंदाज आलेला नसतो.

हे पान पुस्तक संपेपर्यंत जवळ ठेवा, कारण बहुतेक कादंबऱ्या इथेच घसरतात. पन्नासाव्या पानावर हीट दर तीन महिन्यांनी येते असं लिहिलेलं असतं आणि दोनशेव्या पानावर कथेला गरज पडली म्हणून ती सहा आठवड्यांत येते. बाँड मरेपर्यंत तुटत नाही असं सांगितलेलं असतं आणि शेवटी खलनायकाचा बाँड एका औषधाने तुटतो. गर्भारपणाचा हिशेब तर कॅलेंडर घेऊन करा. लांडगीचं गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचं आणि माणसाचं सुमारे ४० आठवड्यांचं. लेखक बहुधा मधला एखादा आकडा निवडतात. आकडा कोणताही चालेल, पण पावसाळ्यात दिवस गेले आणि पाच महिन्यांची मुदत सांगितली, तर बाळ उन्हाळ्यात जन्मता कामा नये. कुठल्याशा महिन्यावर अडून बसणं हा किरकोळपणा नाही. शरीराचे नियम हाच या कथेचा कणा आहे. ते लेखकाच्या सोयीने वाकले की पात्रांवरचा दाब जातो, आणि दाब गेला की त्यांच्या निवडीला वजन राहत नाही.

‘लांडगे असेच असतात’ हे वाक्य कुठल्याही रूपात आलं की सावध व्हा. दांडगाई करणाऱ्या अल्फाचं समर्थन बहुधा याच वाक्याने होतं. कळपावर हुकूमत गाजवणाऱ्या अल्फाची कल्पना प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून पसरली, आणि ते लांडगे बंदिस्त होते, एकमेकांना अनोळखी असलेले एकत्र कोंडलेले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्यांवर लिहिताना दाखवलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आपल्या दख्खनच्या माळावरचा लांडगाही मिशा पिळत बसलेला राजा नसतो. तो लाजाळू, चलाख, पोरांसाठी शिकार शोधणारा असतो. लेखकाला हुकूमशहा अल्फा हवा असेल तर त्याने तो खुशाल घ्यावा, पण ती माणसांनी बनवलेली व्यवस्था म्हणून दाखवावी, निसर्गावर ढकलू नये.

प्राणी कोणता निवडलाय त्याला लेखक जागतो का, हेही तपासा. वाघ आणि अस्वल एकटे राहणारे प्राणी आहेत. वाघ-शिफ्टरांचा पन्नास जणांचा कळप दाखवायचा तर त्यामागे कारण हवं. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत, ते टोळीने शिकार करतात आणि टोळीतली पिल्लं सगळे मिळून पोसतात. अशा प्राण्यावरून बेतलेला समाज लांडग्याच्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी ताजा होईल. रूप बदलण्याच्या प्रसंगात चार गोष्टी शोधा: कपड्यांचं काय होतं, दुखतं का, बदलायला किती वेळ लागतो, आणि जनावराच्या रूपात माणसाची बुद्धी किती उरते. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्या रूपात केलेल्या कृत्याची जबाबदारी कोणाची ते त्यावरून ठरतं.

तिथून आपण संमतीवर येतो. हीटमध्ये शरीर मागणी करतं आणि डोकं ताळ्यावर नसतं, म्हणून हीटच्या प्रसंगात होकार कुठे आहे हे हुडकावं लागतं. तीन जागी बघा. हीटच्या आधी, दोघं शुद्धीवर असताना काय बोलणं झालं? हीट चालू असताना थांबण्याची, दार बंद करून बाहेर बसण्याची वाट उघडी होती का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी कोणाला काय विचारलं? चांगल्या लेखकाची ती सकाळ वाचण्यासारखी असते. सुमार पुस्तक तिथे प्रकरण संपवतं आणि पुढचं प्रकरण तीन आठवड्यांनी उघडतं.

जबरदस्ती दाखवणाऱ्या, मुद्दाम काळ्या रंगात लिहिलेल्या कादंबऱ्याही असतात, आणि त्या वाचणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्यांना लावायचा निकष एवढाच की घडलं ते चूक होतं हे कथेला ठाऊक आहे का. पात्राला ते उशिरा कळलं तरी चालतं. वय मात्र कुठल्याही सबबीवर सोडू नका. प्रेझेंट होण्याचं वय बहुधा कोवळं दाखवतात; प्रेमकथा आणि शरीरसंबंध दोघंही सज्ञान झाल्यावरच सुरू व्हायला हवेत. वय सांगायचं टाळलं असेल, किंवा लहान मुलाच्या बाबतीत ‘त्या जगात चालतं’ म्हटलं असेल, तर पुस्तक तिथेच बंद करा.

विधिलिखित जोडीदार हा या पुस्तकांचा लाडका डाव. वास आला, डोळे चमकले, हाच माझा. आपल्याकडे पत्रिका बघतात तेव्हा ३६ पैकी किती गुण जुळले ते सांगतात, पण गुण जुळले म्हणून संसार जुळतोच असं कोणी अनुभवी माणूस म्हणत नाही. कादंबरीलाही तीच कसोटी लावा. वासाने ओळख पटल्यानंतर त्या दोघांना एकमेकांविषयी काय नवीन कळलं, ते पुस्तकाच्या मध्यावर थांबून तीन वाक्यांत लिहा. तिन्ही वाक्यं रूपाविषयी किंवा वासाविषयी निघाली तर तिथे प्रेम अजून लिहिलंच गेलेलं नाही.

आणखी एक दोष फार पसरलेला आहे. ओमेगा म्हणजे जुन्या प्रेमकथेतली बिचारी नायिका, नुसतं नाव पुरुषाचं: सतत रडणारा, स्वयंपाक करणारा, वाचवला जाणारा. रडणं किंवा स्वयंपाक यात वाईट काही नाही. पण त्या पुरुषाला स्वतःचं काम, राग, मित्र, हट्ट नसेल तर दोन पुरुषांची कथा लिहिण्याचं कारणच उरत नाही. बऱ्याच ओमेगाव्हर्स जगांत पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं कोणालाच खटकत नाही, सगळा भेदभाव ओमेगाच्या वाट्याला येतो. जन्मावरून दर्जा ठरणं म्हणजे काय, हे आपल्याला परक्या पुस्तकाने समजावण्याची गरज नाही. म्हणून आपण जास्त कडक वाचक असायला हवं: एका ओमेगाला प्रेमळ धनी मिळाला की बाकीच्या ओमेगांचा प्रश्न पुस्तक विसरतं का, हे विचाराच.

भाषेची परीक्षा एका पानात होते. दोन्ही नायक ‘तो’. मधलं कुठलंही पान उघडा आणि कोणी कोणाचा हात धरला ते नावं न शोधता कळतं का बघा. कच्चा लेखक ‘उंच माणूस’, ‘सोनेरी केसांचा’, ‘अल्फा’ अशी लेबलं लावत सुटतो. मुरलेला लेखक वाक्याचा कर्ता धरून ठेवतो आणि गोंधळ होऊ देत नाही.

पानं वाढवणंही ओळखायला शिका. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या ॲमेझॉनच्या योजनेत, जुलै २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात, त्यामुळे फुगवायचा मोह असतो. दोन्ही नायकांच्या तोंडून कथा चालत असेल आणि सातवं प्रकरण सहाव्यातलाच प्रसंग दुसऱ्या तोंडून सांगत असेल, तर दुसऱ्याने काही वेगळं पाहिलं का ते बघा. शरीरसंबंधाच्या पानांनाही हाच न्याय: ती गाळून पुढे गेलात आणि दोघांच्या नात्यातलं काहीच हुकलं नाही, तर ती भरताड आहे. साधारण पाऊण पुस्तक झाल्यावर ताटातूट येते. ती एका फोनने मिटण्याजोग्या गैरसमजावर उभी असेल तर गुण कापा.

फुकट वाचायचं तर आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर भरपूर आहे, आणि ईपबमध्ये उतरवून रेंज नसलेल्या घाटातही वाचता येतं. तिथे कथा कोणत्या वयासाठी आहे ती पातळी आणि इशारे आधी वाचा. ‘लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे’ याचा अर्थ सुरक्षित असा नव्हे. आत काहीही असू शकतं. घरात एकच फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर किंडलच्या सूचना बंद ठेवा आणि वाचून झालेलं पुस्तक फोनवरून काढा. उघड्या छातीची मुखपृष्ठं पहिल्याच पडद्यावर झळकतात.

अभिप्राय लिहायचा तो पुस्तक संपल्यावर एक-दोन दिवसांनी, वहीचं पान समोर ठेवून. पुरुषाचं गर्भारपण तुम्हाला आवडत नाही म्हणून तारे कापू नका. ते विकत घेण्याआधी पाहायचं होतं. पुढच्या वाचकाला उपयोगी पडतं ते आधी लिहा: नायकांची वयं, जबरदस्ती किंवा गर्भपात असे काही प्रसंग आहेत का, शरीरसंबंध किती उघड आहेत, मालिकेतलं कितवं पुस्तक, आणि शेवट कायमच्या सुखाचा, सध्यापुरत्या सुखाचा की मध्येच तोडलेला. कळपाच्या मालिकांत प्रत्येक भागात नवी जोडी असते आणि आधीची जोडी कडेवर मूल घेऊन मागे वावरत असते, म्हणून तिसरा भाग आधी वाचला तर पहिल्या दोघांचं काय झालं ते आयतंच कळतं. तेवढं एका ओळीत जरूर सांगा.