मोटरची यांत्रिक बाजू सर्किटमध्ये मांडताना

नागपुरात इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेच्या, कामाला लागू पाहणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असते, की मोटरचे सिम्युलेशन शिकण्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची वाट पाहू नये. विनामूल्य मिळणारे एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर पुरते. मात्र मोटरची यांत्रिक बाजूही सर्किट म्हणून मांडता आली पाहिजे.

सुरुवात कायम चुंबकाच्या डीसी मोटरपासून करावी. विद्युत बाजूला आर्मेचरचा (फिरणाऱ्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि वेगाच्या प्रमाणात वाढणारा बॅक ईएमएफ, म्हणजे फिरण्यामुळे तयार होणारे विरोधी व्होल्टेज, एकसरीत येतात. यांत्रिक बाजूला टॉर्क हा करंट सोर्स, जडत्व हा कपॅसिटर आणि घर्षण हा रेझिस्टर होतो. हे तिन्ही जिथे जोडले जातात, त्या नोडवरचे व्होल्टेज म्हणजे रेडियन प्रति सेकंदातला वेग. एसआय एककांत बॅक ईएमएफ आणि टॉर्क यांचा स्थिरांक एकच असल्याने तो एकदाच मोजावा लागतो: आपली मोटर दुसऱ्या मोटरने फिरवावी आणि मोकळ्या टोकांवरच्या व्होल्टेजला वेगाने भागावे.

समजा, पुरवठा 24 व्होल्ट, रेझिस्टन्स 1 ओहम, इंडक्टन्स 10 मिलिहेन्री, स्थिरांक 0.1 आणि जडत्व 0.001 किलोग्रॅम-चौरस मीटर आहे. घर्षण आणि भार सोडल्यास वेग 240 रेडियन प्रति सेकंदावर, म्हणजे सुमारे 2292 आरपीएमवर स्थिरावतो. सुरुवातीचा करंट मात्र ओहमच्या नियमाने येणाऱ्या 24 अँपिअरपर्यंत पोहोचत नाही; तो सुमारे 27 मिलिसेकंदांनी 20 अँपिअरवर जाऊन उतरू लागतो, कारण इंडक्टन्स त्याला सावकाश चढू देतो आणि तोवर मोटर वेग घेऊन बॅक ईएमएफ उभा करते. हा आकडा आधी कागदावर काढावा आणि मगच आलेख पाहावा.

जडत्वाच्या कपॅसिटरपुढे फॅरड म्हणून 'एफ' लिहू नये, कारण एलटीस्पाइस त्याचा अर्थ फेम्टो (10 चा उणे 15 वा घात) असा घेते. दुसरे, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. 20 अंशांवर मोजलेला तांब्याचा रेझिस्टन्स तेव्हा मोटर सुरू होण्याआधीच जवळजवळ 10 टक्क्यांनी वाढलेला असतो, तेव्हा मोजमापाचे तापमान नेहमी नोंदवावे.

इंडक्शन मोटरकडे यानंतरच वळावे, आणि त्याआधी नो-लोड (भाराविना) व ब्लॉक्ड रोटर (रोटर अडवून धरून) चाचण्या प्रयोगशाळेत स्वतः केलेल्या असाव्यात, कारण रोटरचा रेझिस्टन्स नेमप्लेटवर लिहिलेला नसतो.