घोरण्याचा आवाज सोडा, मधली शांतता मोजा

मी घोरतो यावरून घरात कित्येक वर्षं नुसती चेष्टा चालायची आणि मी दरवेळी हात झटकायचो, कारण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकूच येत नाही. मग एकदा बायकोने रात्री मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी उठल्याउठल्या कानाशी लावलं. घर्र घर्र, आवाज चढत चाललेला, आणि मग एकदम गप्प. मी म्हटलं संपलं वाटतं रेकॉर्डिंग. ती म्हणाली थांब, सेकंद बघ. 18 सेकंद काहीच नाही, आणि मग पाण्यातून डोकं वर काढल्यावर माणूस हापकन श्वास घेतो ना, तसा आवाज आणि परत घर्र घर्र सुरू. त्यानंतर घरात चेष्टा बंद झाली.

होतं काय की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभेच्या आजूबाजूचा मऊ भाग मागे सरकतो, वाट अरुंद होते आणि तिथून हवा जाताना ते सगळं थरथरतं. हे झालं साधं घोरणं. पण वाट पूर्णच बंद झाली तर छाती-पोट हलत राहतं, श्वास घ्यायची धडपड चालू असते आणि हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून दोनचार सेकंद जागं करतो, वाट उघडते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. म्हणजे घोरणारा प्रत्येक जण अ‍ॅप्नियावाला नसतो, पण अ‍ॅप्निया असलेले बहुतेक जण घोरतात.

आता घरी कसं तपासायचं. फोन चार्जिंगला लावा, एअरप्लेन मोडवर टाका आणि उशीपासून हातभर लांब ठेवून साधं व्हॉइस रेकॉर्डर चालू करून झोपा. निदान तीन रात्री तरी करा आणि फक्त पहिला तास ऐकून सोडून देऊ नका, पहाटेचा भाग नक्की ऐका, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्या वेळी स्नायू सगळ्यात ढिले असतात. पूर्ण सात तास ऐकायची गरज नाही, स्क्रीनवर आवाजाची नक्षी दिसते त्यात डोंगर, मग सपाट रेघ, मग एकदम उंच सुळका असं कुठे दिसतं ते बघा आणि तेवढंच ऐका. शेजारी कुणी झोपत असेल तर त्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, पोट हलतंय पण आवाज नाही हे त्यात दिसतं. घोरण्याला मार्क देणारी अ‍ॅप्स असतात, मला ती फारशी कामाची वाटली नाहीत.

मग दिवसाकडे बघा. आठ तास झोपूनही अंग आंबलेलं, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोनतीनदा लघवीला उठणं, मीटिंगमध्ये किंवा सिग्नलला डुलकी. बीपी गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल तर तेही यात धरा. टेप घेऊन गळ्याचा घेर मोजा, 40 सेंटीमीटरच्या वर असेल तर धोका वाढतो, पन्नाशीच्या पुढे आणि पुरुषांत तर जास्तच. पण बारीक माणसाला होत नाही असं मुळीच नाही, जबडा लहान किंवा मागे असला तरी होतं. बायकांमध्ये घोरणं हळू असतं, नुसता थकवा नाहीतर झोप न लागणं एवढंच दिसतं, म्हणून ते हमखास राहून जातं. आणि लहान मूल रोज तोंड उघडं ठेवून घोरत असेल तर गोड दिसतंय म्हणून सोडू नका, टॉन्सिल्स किंवा अ‍ॅडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या गाठी) दाखवून घ्या, अशी मुलं दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिड आणि दंगा करतात.

तोवर घरी काय करायचं तर कुशीवर झोपा, उताणं झोपलं की जीभ मागे पडते. टीशर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात बॉल ठेवायचा हा जुना उपाय हास्यास्पद दिसतो पण चालतो. झोपायच्या आधीचे तीनचार तास दारू नको, झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर नकोतच. वजन उतरलं की फरक पडतो. तोंडाला पट्टी लावायचं जे फॅड आहे ते मला पटत नाही, आवाज कमी होईल पण घसा बंद होतोच आहे ना?

शांततेचे तुकडे सापडले तर ते रेकॉर्डिंग घेऊन ईएनटी किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीबद्दल विचारा, ती हल्ली बऱ्याचदा घरीही होते. रिपोर्टमध्ये एएचआय आकडा बघा, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला तो. मोठ्या माणसात 5 च्या खाली ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यावर गंभीर. माझा 34 आला.

सौम्य असेल तर जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण चालू शकतं, माझ्यासारख्यांना सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारं मशीन. सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा ही आयडिया ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांची, 1981 मधली. पहिला आठवडा मी मास्क रोज मध्यरात्री काढून फेकायचो. मग संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी अर्धा तास लावून बसायला लागलो, मास्कचा साइज बदलून घेतला, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लावला, तेव्हा कुठे जमलं. उपचार नीट सुरू होईपर्यंत झोप येत असेल तर गाडी चालवू नका. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर अ‍ॅप्निया आहे हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, मशीन वापरत असाल तर बॅगेत तेही टाका.