कॅम्पियन आणि कॅचफ्लाय: जागा, बी आणि दुहेरी जातींची निगा

कॅम्पियन आणि कॅचफ्लाय ही सायलीन वंशातली फुलझाडे रोगाने कमी आणि ओल्या, चिकट मातीने जास्त मरतात. थंडी ती सहज सोसतात. थंडीत साचलेले पाणी मात्र सोसत नाहीत. म्हणून खत कोणते घालायचे हे ठरवण्याआधी पाणी कुठे मुरते आणि कुठे थांबते ते बघा आणि मग जात निवडा.

पाकिटावर लिक्निस असे छापलेले दिसले तर गोंधळू नका. रोझ कॅम्पियन, माल्टीज क्रॉस आणि रॅग्ड रॉबिन पूर्वी त्या वंशात मोडत आणि बियांचे विक्रेते अजूनही तेच नाव वापरतात. व्हिस्कारिया या नावाने मिळणारे निळ्या-गुलाबी फुलांचे हंगामी झाडही बहुधा सायलीन सेली-रोझाच असते.

कोणते कुठे

रोझ कॅम्पियनची पाने रुपेरी लवीची असतात. त्याला पूर्ण ऊन आणि हलकी, निकस माती द्या. शेणखत भरपूर घातले तर झाड फोफावते, दांडे लोळतात आणि पानांचा गुच्छ बुडाशी कुजतो. लव पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाणी नेहमी मातीवर द्यावे, पानांवर शिंपडू नये. रॅग्ड रॉबिनचे नेमके उलटे. ते ओल्या कुरणातले झाड आहे, तळ्याच्या काठी खुलते आणि कोरड्या वाफ्यात लवकर दम टाकते. रेड कॅम्पियन जंगलाच्या कडेचे, त्यामुळे त्याला अर्धसावली आणि ओल धरणारी पण निचऱ्याची माती मानवते. माल्टीज क्रॉस ९० ते १२० सेंमी वाढते. त्याला कळ्या येण्याआधीच काठ्यांचा आधार द्या, वाऱ्याने आडवे झालेले दांडे नंतर सरळ होत नाहीत.

सी कॅम्पियन आणि उन्हाळा सरताना फुलणारे सायलीन शाफ्टा दगडांच्या वाफ्यात किंवा उथळ कुंडीत लावावे. कुंडीसाठी निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी आणि निम्मे कंपोस्ट घ्या. सी कॅम्पियनच्या 'ड्रुएट्स व्हेरिगेटेड' या पांढऱ्या कडांच्या जातीत मधूनच साधी हिरवी फांदी फुटते. ती दिसताच बुडापासून काढा, नाहीतर जोमदार हिरवा भाग वर्षभरात सगळी कुंडी व्यापतो.

बी रुजवणे

बी जेमतेम १ मिमीचे असते आणि बहुतेक वेळा खोल पेरल्यामुळेच उगवत नाही. दोन भाग कंपोस्ट किंवा कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू मिसळा, ट्रे आधीच भिजवून घ्या, वर बी भुरभुरा आणि वाळूचा अगदी पातळ थर द्या. १५ ते २० अंश सेल्सिअसला रेड कॅम्पियन, रोझ कॅम्पियन आणि माल्टीज क्रॉस साधारण दोन-तीन आठवड्यांत उगवतात. उंच पर्वतांवरच्या जातींचे बी ओल्या वाळूत मिसळून चार ते सहा आठवडे ४-५ अंशांवर ठेवावे लागते, मगच ते उबेत उगवते.

दाट पेरले आणि हवा खेळली नाही तर कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. त्यावर विरळ पेरणी आणि ट्रेला खालून पाणी, एवढेच उपाय पुरतात. चार पाने आली की रोप पानाला धरून वेगळे करा. उशीर झाला तर मूळ खोल जाते आणि काढताना तुटते. वाफ्यात दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवा. हंगामी सायलीन आर्मेरिया मात्र जागेवरच पेरून १५ सेंमीवर विरळावे. त्याच्या पेरांखाली चिकट पट्टे असतात आणि त्यांना बारीक किडे चिकटतात. झाड ते पचवत नाही, त्यामुळे याला कीटकभक्षी समजू नये.

२०१२ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी सायबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतल्या सुमारे ३०,००० वर्षे जुन्या फळांपासून सायलीन स्टेनोफिला वाढवले होते. ते ऊतीसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींचा तुकडा वाढवून झाले, बी पेरून नव्हे. तेव्हा कपाटातल्या जुन्या पाकिटावर फार भिस्त ठेवू नका.

बी धरायचे असेल तर

रेड आणि व्हाइट कॅम्पियनमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकच झाड लावले तर फुले येतील, बी येणार नाही. नर फुलात दहा पुंकेसर, मादी फुलात पाच पांढऱ्या कुक्षी. मादीचा पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांखालचा पेला, फुगीर आणि वीस शिरांचा, नराचा सडपातळ आणि दहा शिरांचा. लाल आणि पांढरे शेजारी असतील तर पुढची पिढी बरीचशी गुलाबी निघते. बोंड तपकिरी होऊन टोकाचे दात उघडले की कागदी पिशवीत उलटे करून झटका. बी नको असेल तर पहिला बहर ओसरताच रेड कॅम्पियन बुडाजवळ छाटा, पुन्हा फुलते. रोझ कॅम्पियनचे बी तर वाफाभर पसरते. त्याची पांढरी 'अल्बा' जात शुद्ध ठेवायची असेल तर किरमिजी फूल दिसताच ते रोप उपटावे.

दुहेरी फुलांच्या जाती

रोझ कॅम्पियनची 'गार्डनर्स वर्ल्ड' ही दुहेरी, म्हणजे जादा पाकळ्यांची, जात बी धरत नाही. अशा जाती वसंतात, फुलांचा दांडा निघण्याआधी, बुडाच्या ५ ते ७ सेंमी फुटव्यांनी वाढवाव्यात. फुटवा शक्यतो थोड्या मुळासकट काढा, खालची पाने खुडा आणि निम्म्या वाळूच्या मिश्रणात सावलीत लावा. मूळ झाड दोन-तीन वर्षांतच थकते, तेव्हा हे काम दरवर्षी करावे. झाड मरू लागल्यावर घेण्याजोगा फुटवाच उरत नाही.

काणी

पुंकेसरांवर पिवळसर परागाऐवजी गडद तपकिरी भुकटी दिसली तर ती मायक्रोबोट्रियम बुरशीची काणी. रोगट मादी फुलातही पुंकेसर फुटतात, पण त्यांत पराग नसून बीजाणू असतात आणि ते कीटकांमार्फत शेजारच्या फुलांवर जातात. बुरशी झाडात आतवर पसरलेली असते, म्हणून फूल खुडून किंवा वर फवारून भागत नाही. झाड मुळासकट पिशवीत घालून बाहेर काढा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका.